गणेशखिंडीचा राजनिवास : योग आणि क्षेम

पुण्यास पाहुणा आला म्हणजे त्याला काय काय दाखवावयाचें याची यादी प्रत्येक घरीं ठरलेली असते. पर्वती, शनिवारवाडा, केळकरांचें वस्तुसंग्रहालय, सिंहगडावरील पिठलें-भाकरी, आणि वेळ उरलाच तर चतुःशृंगी. या यादींत गणेशखिंडीच्या जुन्या राजनिवासाचें, म्हणजे आजच्या विद्यापीठाच्या मुख्य इमारतीचें, नांव सहसा नसतें. ज्या घरांतील दोन-तीन पिढ्यांच्या पदव्यांच्या भेंडोळ्या कपाटांत जपून ठेविलेल्या आहेत, त्या घरचीं माणसेंही या वास्तूकडे एक कचेरी म्हणूनच पाहतात. गुणपत्रिकेंतील नांवाची चूक दुरुस्त करून घेण्यासाठीं तेथें तीन खेपा घातल्या, यापलीकडे तिची आठवण बहुतेकांस नसते. आम्ही मात्र सेवानिवृत्त झाल्यापासून वर्षांतून दोन-तीन वेळां तेथें मुद्दाम जातों, कांहीं काम नसतांना जातों, आणि म्हणूनच ती इमारत आम्हांस दिसते.

संस्कृतांत 'योगक्षेम' असा एक समास आहे. आयुर्विमा महामंडळाच्या मुद्रेवर तो असल्यामुळें विम्याचे हप्ते भरणाऱ्या सर्वांच्या तो डोळ्यांखालून गेलेला असतो. जें आपणांपाशीं नाहीं तें मिळविणें हा योग, व जें मिळालें आहे तें राखणें हा क्षेम, अशी फोड पूर्वाचार्यांनीं केली आहे. आपलें लक्ष बहुधा पहिल्या पदावरच खिळतें. घर बांधलें त्या दिवशीं वास्तुशांति होते, जेवणावळी उठतात, कोनशिलेवर नांव कोरतात. पुढें चाळीस वर्षें ज्यानें दर ज्येष्ठांत शिडी लावून पन्हळांतील पाला काढला, त्याच्या नांवाची कोनशिला आम्हीं अद्याप कोठें पाहिली नाहीं. गणेशखिंडीच्या वास्तूचा योग केवढ्या गाजावाजानें झाला हें इतिहासांत नोंदलेलें आहे. तिचा क्षेम कोणीं केला, कसा केला, व कोणत्या गोष्टीवर तो अवलंबून असतो, याची चर्चा फारशी होत नाहीं. ती येथें थोडी करावी असा विचार आहे. प्रथम स्थानाविषयीं.

शहराच्या वायव्येस चतुःशृंगीच्या डोंगरांतील खिंडीजवळ पार्वतीनंदन गणपतीचें जुनें देऊळ आहे. खिंड ओलांडली कीं पूर्वीं खडकीपर्यंत मोकळें माळरान असे. याच माळावर ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं मराठेशाहीच्या नशिबाचा फांसा पडला. बापू गोखले यांची फौज गणेशखिंडीच्या अंगास, इंग्रजांची खडकीच्या अंगास, आणि ज्याच्यासाठीं लढावयाचें तो दुसरा बाजीराव पर्वतीवरून पाहत उभा, असा तो देखावा होता. इंग्रज वकील एल्फिन्स्टन याचें संगमावरील ठिकाण त्याच दिवशीं जळालें.

या लढाईशीं आमच्या वास्तूचा एक आडवळणाचा संबंध आहे. कॅप्टन फोर्ड नांवाचा इंग्रज अधिकारी दापोडीस एक कवायती पलटण बाळगून होता. पलटणीचा पगार पेशव्यांच्या खजिन्यांतून जाई. लढाईच्या दिवशीं ही पलटण दापोडीहून निघाली ती खडकीच्या इंग्रज फौजेस जाऊन मिळाली. पेशव्यांचा सरदार मोर दीक्षित हा फोर्डचा स्नेही. तो त्याच दिवशीं रणांत पडला. पुढें मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम यानें १८२८ सालीं फोर्डचा दापोडीचा बंगला सरकारासाठीं विकत घेतला, आणि पेशव्यांचें अन्न खाल्लेल्या माणसाचें घर गव्हर्नराचें पावसाळी घर बनलें. त्याच्या आवारांत वनस्पतींची बागही निघाली. पुढें डॉ. अलेक्झांडर गिब्सन तिचा अधीक्षक असतांना त्यानें तेथील झाडांचीं रंगीत चित्रें एका एतद्देशीय चित्रकाराकडून काढविलीं. तीं आज एडिंबरोच्या राजकीय वनस्पति-उद्यानांत जपून ठेविलेलीं आहेत. गिब्सनचें नांव राहिलें, चित्रें राहिलीं; चित्रकाराचें नांव मात्र कोणीं लिहून ठेविलें नाहीं.

१८६२ सालीं सर बार्टल फ्रियर गव्हर्नर झाला, तेव्हां दापोडीचा बंगला त्यास अपुरा वाटूं लागला. काळच तसा होता. अमेरिकेंत उत्तर व दक्षिण प्रांतांची यादवी जुंपली होती, तिकडचा कापूस विलायतेस जाईनासा झाला, आणि आपल्याकडच्या कापसास सोन्याचा भाव आला. मुंबईंत पैशाचा पूर लोटला. समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या, त्यांचे भाग हातोहात चढूं लागले. फ्रियरनें मुंबईच्या किल्ल्याचे तट पाडून शहर मोकळें केलें आणि पुण्यास गणेशखिंडीच्या माळावर नवा राजनिवास उठविण्याचें ठरविलें. १८६४ सालीं काम सुरू झालें. दुसऱ्याच वर्षीं अमेरिकेंतील लढाई थांबली, कापसाचा भाव कोसळला, मुंबईच्या पेढ्या धडाधड बसल्या. परंतु गणेशखिंडीचें काम थांबलें नाहीं. १८६७ सालीं फ्रियर स्वदेशीं परतला तेव्हांही वास्तु अपुरीच होती. ती १८७१ सालीं पुरी झाली. खर्च पावणेदोन लाख पौंडांच्या घरांत गेला असें सांगतात. त्या वेळच्या दरानें सतरा लाख रुपयांहून अधिक. मुंबईच्या गव्हर्नरांच्या उधळपट्टीचा व बेगुमानपणाचा नमुना म्हणून विलायतेंत या घराकडे बोट दाखविण्यांत आलें.

येथें एक तुलना सुचते, ती लिहिल्यावांचून राहवत नाहीं. पहिल्या बाजीरावांनीं १७३० च्या जानेवारींत शनिवारवाड्याचा पाया घातला, १७३२ सालीं वास्तुशांति केली, व तोंपर्यंत खर्च झाला सोळा हजार एकशें दहा रुपये. नंतरच्या पेशव्यांनीं त्यांत पुष्कळ भर घातली हें खरें, व एकशें तीस वर्षांत रुपयाची किंमतही बदलली. तथापि ज्या घरांतून अटकेपर्यंतचा कारभार झाला तें घर, आणि जें वर्षांतून चार महिने पावसाची हवा खाण्यासाठीं बांधलें तें घर, यांच्या हिशेबाच्या वह्या शेजारीं शेजारीं ठेवून पाहाव्यात एवढेंच आमचें म्हणणें.

इमारतीचा नकाशा जेम्स ट्रबशॉ या वास्तुकाराचा. शैलीस तज्ज्ञ इटालियन-गॉथिक म्हणतात. सोप्या भाषेंत सांगावयाचें तर लांबवर पसरलेले दगडी सोपे, त्यांना कमानींच्या ओवऱ्या, आणि या सर्वांच्या वर एकदम उठलेला उंच सडपातळ मनोरा. वाइट बेटावरील महाराणी व्हिक्टोरियाच्या ऑस्बर्न प्रासादाच्या धर्तीवर हें घर योजिलें असें म्हणतात. मनोऱ्याविषयीं आमचें मत विचाराल तर तो या घरास किंचित उपरा वाटतो. जणूं दुसऱ्या इमारतीसाठीं सांगितलेला व येथें आणून उतरविलेला. ओवऱ्या मात्र अस्सल कामाच्या आहेत. दख्खनचें ऊन आणि पश्चिमेची झड या दोहोंपासून आंतल्या भिंतींस त्याच वांचवितात. एप्रिलच्या दुपारीं बाहेर डांबर वितळत असतांना त्या ओवरींत उभें राहून पाहावें, म्हणजे पंख्यावांचून शंभर वर्षें लोक कसे राहिले तें कळतें.

इमारतीखालीं एक भुयारही आहे. सेवकवर्गानें पाहुण्यांच्या नजरेस न पडतां सैपाकघराकडून ये-जा करावी म्हणून तें केलें असावें. पण पुण्यांत भुयार निघालें कीं तें शनिवारवाड्यास किंवा पर्वतीस नेऊन पोंचविल्याखेरीज कोणाचें समाधान होत नाहीं. या भुयाराचीही तशी वाट लोकांनीं तोंडानें खणलेली आहे.

गव्हर्नराची स्वारी जून महिन्यांत पुण्यास येई व पावसाळा संपला कीं मुंबईस जाई. त्या चार महिन्यांत गणेशखिंडीच्या रस्त्यानें गाड्यांची रीघ लागे. २२ जून १८९७ च्या रात्रीं महाराणीच्या राज्यारोहणास साठ वर्षें झाल्याचा समारंभ याच राजनिवासांत होता. प्लेगाच्या बंदोबस्ताचा अधिकारी रँड आणि त्याच्या मागल्या गाडींतील आयर्स्ट समारंभ आटोपून निघाले, आणि दामोदर व बाळकृष्ण चापेकर या बंधूंनीं त्यांस गणेशखिंडीच्या रस्त्यावर गांठलें. आयर्स्ट जागींच मेला. रँड ३ जुलै रोजीं. १८ एप्रिल १८९८ रोजीं दामोदरपंतांस येरवड्यास फांशीं दिलें, आणि पुढच्या वर्षाच्या मे महिन्यांत बाळकृष्ण, धाकटे वासुदेव व त्यांचे सोबती रानडे हे तिघे चार-पांच दिवसांच्या अंतरानें त्याच वाटेनें गेले. एका आईचीं तीन मुलें तेरा महिन्यांच्या आंत गेलीं. हा इतिहास आपणां सर्वांस ठाऊक आहे, म्हणून विस्तार करीत नाहीं. सांगावयाचें तें इतकेंच कीं, ज्या दिव्यांची आरास पाहून ते दोघे अधिकारी परतले, ते दिवे याच ओवऱ्यांत लागले होते. ओवऱ्या त्याच आहेत.

स्वातंत्र्य आल्यावर या घराचें करावयाचें काय, हा प्रश्न उभा राहिला. पुणें विद्यापीठाचा कायदा १९४८ सालीं झाला व १० फेब्रुवारी १९४९ रोजीं विद्यापीठ स्थापन झालें. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरु. विद्यापीठास स्वतःचें छप्पर नव्हतें. आरंभींचे महिने त्याचा कारभार भांडारकर संस्थेच्या आवारांतील निजाम अतिथिगृहांत चालला. बाळासाहेब खेर त्या वेळीं मुंबई प्रांताचे मुख्य प्रधान होते. त्यांच्या सरकारनें गणेशखिंडीचा राजनिवास व सुमारें चारशें अकरा एकर जमीन विद्यापीठास दिली, आणि १ जून १९४९ पासून कारभार तेथें सुरू झाला. पहिल्या वर्षीं संलग्न महाविद्यालयें अठरा, विद्यार्थी आठ हजारांच्या आसपास. राज्यपालांसाठीं शेजारींच निराळें राजभवन राहिलें.

या घटनेंतील औचित्य आमच्या मनास नेहमीं भिडतें. ज्या दारापुढें पूर्वीं निमंत्रणपत्रिका दाखविल्याखेरीज गाडी थांबत नसे, तेथें संगमनेर-सिन्नरचा शेतकऱ्याचा मुलगा एस. टी. नें येऊन अर्ज हातांत घेऊन उभा राहूं लागला. गव्हर्नराच्या दालनांस संत ज्ञानेश्वरांसारखीं नांवें मिळालीं. लढाई न होतां एवढा पालट होणें ही सामान्य गोष्ट नव्हे.

पण घराच्या दृष्टीनें पाहिलें तर हा पालट सोपा नव्हता. राजनिवास वर्षांतून चार महिने वापरावयाचा व आठ महिने दुरुस्त करावयाचा असा असे. विद्यापीठाची कचेरी बारा महिने चालावयाची. ज्या दिवाणखान्यांत पंचवीस माणसें बसत तेथें शेंकडों माणसें वावरूं लागलीं. कपाटें आलीं, फडताळें आलीं, कागदांचे गठ्ठे आले, विजेच्या तारा आल्या, पाण्याचे नळ आले. जुन्या घराचे शत्रु कोण असें कोणीं विचारलें तर आम्ही आग, पाणी, वाळवी आणि कचेरी अशीं चार नांवें सांगूं.

त्यांतही पाणी हा मुख्य. आमच्याकडचा काळा पाषाण फार कठीण. तो सहसा पाणी पीत नाहीं. पाणी शिरतें तें दगडांच्या सांध्यांतून. हे सांधे पूर्वीं घाणीच्या चुन्यांत भरीत. चुनखडी भाजून ती दिवसच्या दिवस पाण्यांत मुरवावयाची, वाळू घालून बैलाच्या घाणींत दगडी चाकाखालीं मळावयाची, त्यांत गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचें पाणी असे पदार्थ घालावयाचे. असा तो चुना सावकाश धरे, पण धरला म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या सोडीत नसे. त्याचा मोठा गुण असा कीं तो श्वास घेतो. पावसाळ्यांत भिंत थोडी ओलावली तर हिवाळ्यांत ती ओल चुन्यावाटें बाहेर पडते. गेल्या शतकांत गवंडी सिमेंटास सरावले, आणि जुन्या इमारतींचे उखडलेले सांधे सिमेंटानें भरण्याची चाल पडली. सिमेंट कठीण व बंद. बाहेरून भिंत ठाकठीक दिसते, परंतु आंत गेलेलें पाणी आंतच कोंडतें, तें दुसऱ्या वाटेनें फुटतें, गिलावा फुगवितें, तुळयांचीं टोकें कुजवितें. रोग्यास बाहेरून पावडर लावून ताप उतरत नाहीं.

दुसरा शत्रु झाड. पक्ष्याच्या विष्ठेंतून पिंपळाचें किंवा उंबराचें बीं छपराच्या खांचेंत पडतें. पहिल्या पावसांत दोन पानें दिसतात, तीं फार गोजिरवाणीं असतात. तिसऱ्या वर्षीं मूळ सांध्यांत बोटभर शिरतें. दहाव्या वर्षीं तें दगड हलवितें. वरून कापून उपयोग नाहीं, कापल्यानें तें अधिक जोमानें फुटतें. कोवळें असतांना मुळासकट काढावें लागतें, व तें प्रत्येक वर्षीं पाहावें लागतें. आपल्या लोकांस पिंपळावर हात टाकावयास मन होत नाहीं हीही एक अडचण. आमच्या ओळखीच्या एका वृद्ध शास्त्रीबुवांनीं तोड काढली होती: भिंतींतलें रोप अलगद काढून कुंडींत लावावयाचें व पावसाळ्यांत गांवाबाहेर नेऊन रुजवावयाचें. अश्वत्थही राहिला, भिंतही राहिली.

हें सर्व करावयास पैसा लागतो, पण पैशाहूनही नित्यता अधिक लागते. आम्ही एका शाळेंत कांहीं वर्षें होतों. तेथें नव्या दालनासाठीं देणगी मिळे, कारण दालनावर दात्याचें नांव लागे; जुन्या वर्गाचीं फुटकीं कौलें बदलण्यासाठीं मात्र तीन वर्षें अर्ज फिरले, आणि शेवटीं कौलांबरोबर वासेही बदलावे लागले. शेंकड्यांचें काम हजारांवर गेलें. सरकारी असो कीं खाजगी, सर्वत्र हाच अनुभव.

गणेशखिंडीच्या मुख्य इमारतीचें सुदैव असें कीं, २०१० नंतरच्या दशकांत विद्यापीठानें तिचें शास्त्रशुद्ध जतन करण्याचें काम हातीं घेतलें व तडीस नेलें. आज बाहेरून पाहणाऱ्यास दगड स्वच्छ दिसतो, ओवऱ्या मोकळ्या दिसतात. अशा कामानंतरचीं पहिलीं दहा-पंधरा वर्षें फसवीं असतात. सर्व कांहीं नवें दिसतें, म्हणून शिडी कोणी लावीत नाहीं.

आवाराची कथा इमारतीहून मोठी आहे, आणि आमच्या मतें अधिक चिंतेची. माळरानावर बाग फुलवावयाची तर पाणी हवें. त्या भागाची व राजनिवासाची तहान भागविण्यासाठीं रामनदी अडवून पाषाणचा तलाव इंग्रजी अमदानींत केला गेला. दापोडीची बाग मोडल्यावर १८७३ सालीं गणेशखिंडीस नवी वनस्पति-बाग निघाली. वुड्रो नांवाचा वनस्पतितज्ज्ञ तिचा अधीक्षक होता. हिंदुस्थानांतील बागाइतीवर त्यानें लिहिलेला ग्रंथ एके काळीं प्रसिद्ध होता. ही बाग पुढें शेतकी खात्याकडे, तेथून कृषि विद्यापीठाकडे आली, व २०२० सालीं महाराष्ट्र सरकारनें तिला जैविक विविधतेचें वारसास्थळ म्हणून जाहीर केलें. तेथील जुनी आमराई आणि मोठमोठे वृक्ष आजही उभे आहेत. पाषाण तलावाचें मात्र आज काय झालें आहे तें त्याच्या कांठावरून चालणाऱ्यास नाकानेंच कळतें. रामनदीच्या वाटेनें वस्त्यांचें सांडपाणी येतें, गाळ येतो, आणि वर जलपर्णीची हिरवी गोधडी पसरते.

विद्यापीठाच्या आवारांतील वड आणि विलायती शिरीष पाहिले म्हणजे दीडशें वर्षांची माळ्यांची चाकरी डोळ्यांपुढें येते. झाड लावणें हा योग. पहिलीं पांच वर्षें त्याला गुरांपासून राखणें, उन्हाळ्यांत घागरीनें पाणी घालणें, हा क्षेम. फाटकाबाहेरच्या गणेशखिंड रस्त्यावर मात्र या दोहोंस जागा उरली नाहीं. विद्यापीठाच्या चौकांतील उड्डाणपूल पुरतीं वीस वर्षेंही वापरला गेला नाहीं; तो २०२० सालीं पाडला व त्याच्या जागीं मेट्रोसह दुसरा दुमजली उभारला. रस्ता रुंद करण्यासाठीं जुनीं झाडें गेलीं. वाहनांस वाट हवी हें आम्हांस मान्य आहे; आमचीं मुलेंही त्याच रस्त्यानें हिंजवडीस नोकरीला जातात. परंतु पूल चुकला तर पाडून दुसरा बांधतां येतो. शंभर वर्षांचा वड तोडला तर दुसरा शंभर वर्षांचा वड कोणत्या निविदेनें मागवावयाचा?

आतां एक गोष्ट सांगतों, ती सांगण्यासाठींच खरें म्हणजे हा लेख लिहावयास घेतला.

२०१४ सालीं या विद्यापीठास सावित्रीबाई फुले यांचें नांव देण्यांत आलें, व २०२२ सालीं मुख्य इमारतीच्या आवारांत त्यांचा पुतळा उभारला गेला. जोतीराव व सावित्रीबाई यांनीं मुलींची शाळा काढली ती १८४८ सालीं बुधवार पेठेंत, तात्यासाहेब भिडे यांच्या वाड्यांत. गांवानें विरोध केला, शेण फेंकलें. पण एका ब्राह्मण गृहस्थानें आपल्या वाड्याचें दार उघडलें. आज आपल्या घरांतील मुली वैद्य, अभियंता, न्यायाधीश झाल्या आहेत. त्यांच्या विद्येचा ओनामा ज्या ओसरीवर झाला ती ओसरी हीच. त्या वाड्याचें पुढें काय झालें? मालकी बदलत गेली, दुकानें आलीं, छप्पर खचलें, भिंतींस पिंपळ फुटले, वर्षानुवर्षें न्यायालयांत वाद चालले. निकाल लागला तेव्हां राखण्यासारखें कांहीं उरलें नव्हतें. डिसेंबर २०२३ मध्यें एका रात्रींत वाडा जमीनदोस्त केला गेला. त्या जागीं राष्ट्रीय स्मारक व्हावयाचें ठरलें आहे, व तें व्हावेंच. परंतु स्मारक निराळें आणि वास्तु निराळी.

म्हणजे असें झालें: ज्यांनीं आपणांस जिंकलें त्यांचें हवा खाण्याचें घर उभें आहे, आणि ज्यांनीं आपल्या मुलींच्या हातीं पाटी दिली त्यांची शाळा पडली. कारण शोधूं गेलें तर त्यांत कपट कोणाचेंच नाहीं. गव्हर्नराच्या घरास पहिल्या दिवसापासून माळी होता, गवंडी होता, दरसालची तरतूद होती. पुढें विद्यापीठासारखा धनी मिळाला. भिडेवाड्यास भाडेकरू होते, वारस होते, वादी होते, प्रतिवादी होते. शिडी लावणारा कोणी नव्हता. शनिवारवाडा १८२८ च्या फेब्रुवारींत आगीनें गेला, तो एक अपघात होता. भिडेवाडा अपघातानें गेला नाहीं.

आणि हें सरकारास सांगण्यापूर्वीं आपण आपल्या पेठांतून एक फेरी मारावी. सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांत आमच्या लहानपणीं जे वाडे होते त्यांतले आतां किती राहिले? एका नातलगांच्या वाड्याची हकीकत आम्हांस जवळून ठाऊक आहे. तीन भाऊ, तीन चुली. मधल्या चौकावरील पन्हळ कोणाच्या हिश्श्यांत पडते याचा निर्णय अकरा वर्षें झाला नाहीं. प्रत्येक पावसाळ्यांत पाणी चौकांत न पडतां भिंतींत पडे. थोरल्यांच्या बाजूनें गिलावा सुटला, तेव्हां धाकटे म्हणाले, तुमची भिंत. आणि धाकट्यांची तुळई वांकली, तेव्हां थोरले म्हणाले, तुमची तुळई. शेवटीं बांधकाम व्यावसायिकानें तिघांस सारखेंच समाधान दिलें. आतां तेथें सहा मजली इमारत आहे, नांव वाड्याचेंच ठेविलें आहे. देवघराची नक्षीदार चौकट कोणी नेली तें कोणास सांगतां येत नाहीं.

असो. गणेशखिंडीस जावयाचें असेल तर पावसाळा सरतांना, आश्विनांत जावें. चतुःशृंगीची यात्रा नवरात्रांत असते. देवीचें दर्शन घेऊन तसेंच पुढें गेलें तर दोन्ही कामें एका खेपेंत होतात. वाटेंत पार्वतीनंदनास नमस्कार करावा. विद्यापीठाच्या फाटकावर रखवालदारास विचारून आंत शिरावें. मुख्य इमारतीच्या आंत कचेऱ्या असल्यानें उगीच खोल्यांतून डोकावूं नये; ओवऱ्या, मनोरा आणि समोरची हिरवळ बाहेरूनही मनसोक्त पाहतां येते. पिण्याचें पाणी घरून न्यावें, व फराळ केल्यास कागद-पिशव्या घरींच परत आणाव्यात. वृद्धांनीं सावलींतल्या एखाद्या कट्ट्यावर बसावें आणि तरुणांस जयकर ग्रंथालयाच्या बाजूनें फिरून येऊं द्यावें. बरोबर दुर्बीण असल्यास छपराच्या कडेकडेनें नजर फिरवावी. मागच्या आश्विनांत आम्हांस उत्तरेच्या अंगास, पन्हळीच्या कोपऱ्यांत, पिंपळाचें चार पानांचें एक रोप दिसलें होतें. रखवालदारास तें दाखविलें. त्यानें मान वर करून पाहिलें, हंसला, आणि म्हणाला, "गुरुजी, दिवाळीच्या सुट्टींत शिडी येणार आहे, तेव्हां सांगतों."